चौथ्या वर्षाचा निर्णय : ‘ऑनर्स’ पदवी कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर?

नवी दिल्ली : पदवीचे सहावे सत्र संपत आले की विद्यार्थ्यासमोर आजवर साधारणपणे दोन वाटा असत. एक नोकरीची आणि दुसरी एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम.च्या प्रवेशाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर तिसरी वाट उघडली आहे. त्याच पदवीचे चौथे वर्ष पूर्ण करून ‘ऑनर्स’ किंवा ‘ऑनर्स विथ रिसर्च’ ही पदवी मिळवण्याची ही वाट आहे.

दिल्ली विद्यापीठात २०२२-२३ मध्ये दाखल झालेल्या तुकडीने ऑगस्ट २०२५ मध्ये या चौथ्या वर्षात प्रवेश केला. महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठांचे विभाग यांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२७ मध्ये पूर्ण होते. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे उभा राहणारा प्रश्न साधा आहे. आणखी एक वर्ष द्यायचे, तर त्यातून नेमके काय मिळणार?

त्याचे उत्तर केवळ गुणपत्रिकेत सापडत नाही. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचे मोल तीन गोष्टींवर ठरते : विद्यार्थ्याकडे स्वतःचा असा एखादा प्रश्न आहे का, तो हाताळायला शिकवणारा मार्गदर्शक उपलब्ध आहे का आणि ते वर्ष निभावण्याइतका आर्थिक आधार आहे का. नियमांनी विद्यार्थ्यापुढे गुणांची अट ठेवली आहे. उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी तो कुठे शिकतो यावर अवलंबून आहेत.

‘ऑनर्स’ हा शब्द आला कुठून?

मराठी वाचकाला हा शब्द नवा वाटला, तरी त्याचा एक भाऊबंद आपल्या परिचयाचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ‘ट्रायपॉस’ या ऑनर्स परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्यास ‘रँग्लर’ म्हणतात. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये या परीक्षेत सर्वप्रथम आलेल्या ‘सीनियर रँग्लर’च्या मानाचे संयुक्त मानकरी ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मायदेशी परतून ते १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर परांजपे’ हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी कायमचे बसले.

ब्रिटिश विद्यापीठांत सर्वसाधारण पदवी आणि ऑनर्स पदवी असा भेद होता. पहिलीत अनेक विषयांची ओळख अपेक्षित असे, दुसरीत एका विषयात खोलवर जाणे. हीच पद्धत भारतात आली आणि बंगालमध्ये चांगली रुजली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९१३ मध्ये गणित ऑनर्सची बी.एस्सी. परीक्षा देणाऱ्यांत सत्येंद्रनाथ बोस पहिले आणि मेघनाद साहा दुसरे आले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षक होते. पुढे साहा यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडणारे आयनीभवनाचे समीकरण मांडले, तर १९२४ मध्ये बोस यांच्या संशोधनातून पुंजसांख्यिकीची नवी शाखा उभी राहिली.

अमेरिकेत या कल्पनेने वेगळे वळण घेतले. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. छोट्या गटांतील चर्चासत्रे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांकडून मूल्यमापन ही त्याची वैशिष्ट्ये होती. नंतर मोठ्या सरकारी विद्यापीठांनी आपल्याच आवारात स्वतंत्र ‘ऑनर्स महाविद्यालये’ काढली. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे असे महाविद्यालय १९५६ चे आहे. हजारो विद्यार्थ्यांच्या गर्दीत काही जणांना लहान वर्ग, जवळचा शिक्षक आणि शेवटी स्वतःचा प्रबंध मिळावा, हा त्यामागचा हेतू.

भारताने आता स्वीकारलेली रचना या दोन्हींहून निराळी आहे. येथे ऑनर्ससाठी वेगळे महाविद्यालय नाही आणि पहिल्या वर्षापासून वेगळा वर्गही नाही. तीन वर्षे सर्वांसाठी सारखी आहेत, निवड होते ती चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

नवा आराखडा काय सांगतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा व श्रेयांकांचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार वर्षाला ४० या हिशेबाने तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवणाऱ्यास पदवी आणि चार वर्षांत किमान १६० श्रेयांक मिळवणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. विद्यापीठे यापेक्षा अधिक श्रेयांक ठेवू शकतात. दिल्ली विद्यापीठात दर सत्राला २२ याप्रमाणे चार वर्षांचे १७६ श्रेयांक होतात.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले, तर सुटीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून अनुक्रमे प्रमाणपत्र किंवा पदविका घेता येते. अशा विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा आहे, मात्र संपूर्ण अभ्यासक्रम कमाल सात वर्षांत पूर्ण व्हायला हवा.

चौथ्या वर्षात दोन प्रकार आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणारा विद्यार्थी इच्छा असल्यास ‘ऑनर्स विथ रिसर्च’ निवडू शकतो. त्याला प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा लघुप्रबंध करावा लागतो. ज्यांना संशोधन करायचे नाही, ते त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे प्रगत विषय घेतात आणि त्यांना ‘ऑनर्स’ पदवी मिळते. दिल्ली विद्यापीठाने चौथ्या वर्षासाठी लघुप्रबंध, शैक्षणिक प्रकल्प आणि उद्योजकता असे तीन मार्ग ठेवले आहेत.

वर्षांचे गणित

‘एक वर्ष वाया जाईल’ ही पालकांची भीती कितपत खरी, हे विद्यार्थ्याच्या पुढील बेतावर ठरते. ज्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच आहे, त्याच्यासाठी जुना हिशेब तीन अधिक दोन असा पाच वर्षांचा होता. नव्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा असल्याने चार अधिक एक अशी पाचच वर्षे होतात. ज्याला पदवीनंतर थेट नोकरी किंवा स्पर्धा परीक्षेकडे वळायचे आहे, त्याच्यासाठी मात्र हे वर्ष खरोखरच जास्तीचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी पदवी पुरेशी असते, त्यासाठी ऑनर्सची गरज नाही.

संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी फरक मोठा आहे. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत एकूण किमान ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत गट वगळून), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत देण्याची तरतूद आहे. अशा विद्यार्थ्यांना २०२४ पासून कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेशासाठी ‘नेट’ परीक्षाही देता येते. या अभ्यासवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ला प्रवेश मिळण्यासाठी लागणारे ७५ टक्के पहिल्या सहा सत्रांचे असतात, तर पीएच.डी.साठी लागणारे ७५ टक्के पूर्ण पदवीचे. तसेच पीएच.डी.च्या प्रवेशाचे दार उघडले, म्हणजे महाविद्यालयात अध्यापनाचे दार उघडले असे नव्हे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेचे नियम वेगळे आहेत.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक बाजू आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी १६ वर्षांचे शिक्षण मागतात. बारावीनंतर तीन वर्षांच्या पदवीने ते १५ वर्षांचे होते, चार वर्षांच्या पदवीने १६ वर्षांचे.

राज्यागणिक वेगळे चित्र

शिक्षणाच्या प्रश्नावर केंद्र आणि राज्ये दोघांनाही अधिकार असल्याने देशभर एकच चित्र नाही. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा मार्ग सर्वांत आधी स्वीकारला. मात्र प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून तेथील पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. केरळने त्याच वर्षी, १ जुलै २०२४ पासून, उलट दिशेने पाऊल टाकत चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठानेही २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणून २०१४ मध्ये ती मागे घेतली होती. आजचा प्रयोग हा तेथील दुसरा आहे.

याचा थेट परिणाम सीमाभागात दिसतो. बेळगावच्या राज्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील मराठी विद्यार्थी आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील त्याचा मावसभाऊ एकाच वर्षी बारावी झाले, तरी पदवीची रचना दोघांसाठी वेगळी असू शकते. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही म्हणूनच गावाकडच्या नातलगांच्या माहितीवर विसंबू नये. आपल्या विद्यापीठाचे नियम तपासणे श्रेयस्कर.

गुण आहेत, मार्गदर्शक आहे का?

आयोगाच्या आराखड्यात एक अट विद्यार्थ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते, कारण ती विद्यार्थ्यासाठी नसून विभागासाठी आहे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ चालवणाऱ्या विभागाकडे ग्रंथालय, संशोधनपत्रिका, संगणक व प्रयोगशाळेच्या सुविधा हव्यात आणि पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक हवेत. ही अट योग्यच आहे. मार्गदर्शकाविना केलेले संशोधन म्हणजे संकलन ठरण्याचा धोका असतो. पण जेथे कायम पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर विभाग चालतो, तेथील ८५ टक्के मिळवणारी विद्यार्थिनीही आपल्या महाविद्यालयात हे वर्ष करू शकणार नाही. तिला शहर गाठावे लागेल. तेथे वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च उभा राहील. मुलीला आणखी एक वर्ष घराबाहेर ठेवायचे का, ही चर्चाही अनेक घरांत होईल.

संशोधनाचा पाया आपल्याकडे किती अरुंद आहे, हे २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून दिसते. त्या वर्षी उच्च शिक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांतील जवळपास ७९ टक्के पदवी स्तरावर होते, तर पीएच.डी. करणारे सुमारे २ लाख १२ हजार. म्हणजे दर हजारात पाचांहून कमी. चौथे वर्ष हा पाया रुंदावण्याचा प्रयत्न आहे. तो ज्यांच्याजवळ आधीच सुविधा आहेत त्यांच्यापुरता राहिला, तर हेतू अर्धाच साधेल.

गुणवत्ता असूनही दार न उघडण्याचा अनुभव आपल्या इतिहासात नवा नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. तरीही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याने त्यांना प्रवेश नाकारला. त्या ठाम राहिल्या आणि अखेर वर्षभर काम पारखण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील छोट्या दुकानदाराचे पुत्र. माध्यमिक शाळेसाठी त्यांना एका डॉक्टरांच्या घरी राहावे लागले आणि १९०५ मध्ये वंगभंगाविरोधी आंदोलनात भाग घेतल्याने त्यांची शिष्यवृत्तीही गेली होती. या दोघांच्या प्रवासात बुद्धिमत्ता आधीपासूनच होती. राहायला घर, शिष्यवृत्ती आणि प्रयोगशाळेतील जागा यांसाठी मात्र त्यांना झगडावे लागले.

आवडीचा प्रश्न कसा होतो?

‘मला इतिहास आवडतो’ ही आवड झाली, ‘मराठा इतिहास’ हा विषय झाला. पण चौथ्या वर्षासाठी यापैकी काहीच पुरेसे नाही. तंजावरच्या मराठा राजवटीतील मोडी कागदपत्रांपैकी एखाद्या लहान संचात बाजारातील वस्तूंच्या दरांविषयी काय नोंदी आहेत, हा प्रश्न झाला. त्यासाठी मोडी वाचता यायला हवी, कागद पाहण्याची परवानगी हवी आणि नोंदींचा अर्थ लावणारा जाणकार हवा.

हेच इतर शाखांना लागू पडते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने ‘कास पठारावरील फुले’ हा विषय घेतला, तर हाती माहितीपुस्तिका पडेल. एका ठरावीक तुकड्यात एका प्रजातीच्या फुलोऱ्याचा काळ पावसानुसार कसा सरकतो, हे तिने सलग नोंदवले, तर ते संशोधन होईल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी ‘ऊसतोड कामगारांचे स्थलांतर’ एका वर्षात उलगडू शकणार नाही. एका गावातील ऊसतोड कुटुंबांची मुले हंगामात शाळेत किती दिवस हजर असतात, हे मात्र तो मोजू शकेल.

प्रश्न लहान का असावा, याचे उत्तर श्रेयांकांत आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचे अध्ययन. त्या हिशेबाने १२ श्रेयांकांचा प्रकल्प ३६० तासांचा होतो. रोज सहा तास काम केले तर साठ दिवस. वाचन, माहिती गोळा करणे, विश्लेषण, लेखन आणि दुरुस्त्या हे सारे त्यातच बसवायचे असते. म्हणून चौथ्या वर्षाचा प्रश्न तिसऱ्या वर्षातच शोधायला सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्राच्या रचनेत तीन वर्षांतच क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. अनेकदा ते गुणांपुरते उरकले जातात. पण आपल्याला कोणत्या कामात तासन् तास बसावेसे वाटते, हे ओळखण्याची पहिली संधी तीच असते. आपल्या महाविद्यालयात सोय नसेल, तर बाहेरचे काही दरवाजेही आहेत. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन अभ्यासवृत्ती आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम हे त्यांपैकी दोन. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे, तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे.

निर्णयापूर्वी काय विचारावे?

पाचव्या सत्रातच विभागप्रमुखांना काही प्रश्न स्पष्टपणे विचारणे हिताचे ठरेल. आपल्या विभागाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ चालवता येते का? किती मार्गदर्शक आहेत आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतील? चौथ्या वर्षाचे शुल्क किती आणि सध्याची शिष्यवृत्ती त्या वर्षासाठीही चालू राहील का? आपल्या किंवा जवळच्या विद्यापीठात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रत्यक्षात सुरू झाला आहे का? महाविद्यालय बदलावे लागले, तर श्रेयांक पेढीतून आपले श्रेयांक सहज हस्तांतरित होतील का?

स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दुसरे काही सुचत नाही किंवा मित्र थांबले आहेत, म्हणून चौथे वर्ष करणे महागात पडू शकते. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडणे हा कमीपणा नाही, ती पूर्ण पदवी आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याला एखादी गोष्ट अशी का, हे जाणून घेतल्याशिवाय चैन पडत नाही आणि ज्याच्याजवळ ते शिकवणारा शिक्षक आहे, त्याने केवळ ‘एक वर्ष जास्त’ म्हणून मागे फिरू नये.

ज्याच्याजवळ तो शिक्षक नाही, त्याचे काय, याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यायचे नसून विद्यापीठांनी आणि राज्य सरकारांनी द्यायचे आहे. रिक्त पदे भरणे, जवळजवळच्या महाविद्यालयांनी मार्गदर्शक व प्रयोगशाळा सामायिक वापरणे आणि गाव सोडून येणाऱ्यांना वसतिगृहात जागा देणे या त्यासाठीच्या किमान गोष्टी आहेत. संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीला चौथ्या वर्षाचा अर्ज भरताना ही तयारी कितपत झाली आहे, हे आपल्या विभागाच्या सूचनाफलकावरच कळेल.